सुजलेली शीर आणि धोंड्याचं जेवण

आमच्या ढोकीत दुखणं लपत नाही. कुणाचा गुडघा आखडला, कुणाला मूळव्याधीनं रडवलं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. माझ्या थोरल्या चुलत्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते टाके दाखवत गल्लीभर हिंडले होते. मीही त्याच घराण्यातला, तोंडाळ माणूस. पाठीत उसण भरली तरी अख्ख्या गॅरेजला बोंबलून सांगतो. पण लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला जे झालं ते कुणाला सांगायला तोंडच उघडेना. आणि मग ज्या दिवशी उघडलं, त्या दिवशी सासरवाडीत भरल्या ताटावर उघडलं. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

कारखान्याच्या रस्त्याला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. बायको उमरग्याची. जातपात, देवधर्म सगळं एकच, पण त्यांच्याकडं घरात कानडी चालतं आणि आमच्याकडं कुणाच्या बापजन्मी कानडीचा संबंध नाही. सोयरीक जमली तेव्हा मी तीन शब्द पाठ करून गेलो होतो. ऊटा म्हणजे जेवण, बा म्हणजे ये आणि इल्ला म्हणजे नाही. एवढ्या भांडवलावर माझं लग्न झालं. बायको मात्र दोन्ही भाषांत पटाईत, आणि हसरी अशी की हसायला लागली की तिला भिंतीला टेकावं लागतं. मी चिडका, ती हसरी. मी चिडलो की ती हसायची, ती हसली की मी आणखी चिडायचो, आणि शेवटी मलाच हसू यायचं. एकूण आमचं झकास चाललं होतं.

अधिक महिना लागायच्या आधीची लग्नाची शेवटची तीथ होती. आई-वडील नळदुर्गला पाहुण्यांच्या लग्नाला गेले. बायको बरेच दिवस माहेरी राहून आदल्याच दिवशी आली होती. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात आम्ही दोघंच आणि कूलर. पुढचं सांगत नाही. नव्या लग्नाच्यांना सांगायची गरज नाही, जुन्यांना उगाच आठवण नको. इतकंच सांगतो की कूलरमधलं पाणी संपून नुसती गरम हवा यायला लागली, तरी आमच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत अंगावर पाणी घेतलं आणि खाली बघितलं. नको त्या जागी, वरच्या अंगाला, एक शीर सुतळीसारखी टरारून वर आलेली. हात लावला तर टणक. बाजूला निळं-काळं पडलेलं, दारात बोट चेमटल्यावर पडतं तसं. दुखत फारसं नव्हतं, नुसतं ताणल्यासारखं वाटत होतं. पण दुखण्यापेक्षा बघण्यानंच मी घाबरलो. मी मेकॅनिक माणूस. हायड्रोलिकचा पाइप असा फुगला की मी गिऱ्हाइकाला म्हणतो, काढून टाका, नवा टाकू. हा कुठल्या दुकानात मिळणार होता?

त्या दिवशी गॅरेजात काम सुचेना. त्यात खामसवाडीकडचा एक शेतकरी ट्रॉली घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, जॅकला प्रेशरच न्हाय राहिलं. उचलतच न्हाय बघा."

"उचलत न्हाय तर मी काय करू?" मी असा खेकसलो की तो बिचारा चार पावलं मागं सरला.

"आवो, तुमीच तर करता की."

"आज न्हाय करत! जावा!"

तो ट्रॉली तिथंच सोडून निघून गेला, आणि ढोकीभर बातमी झाली की मिस्त्रीला ऊन लागलं.

चालताना मी पाय जरा फाकून टाकत होतो. बाकी कुणाच्या नाही पण आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "मांडीत केसतूड आलं व्हय रं?" तिनं भर अंगणात विचारलं. मी काय बोलणार? व्हय म्हणालो. झालं. आईनं हळद आणि कांदा तेलात परतून पोटीस केलं, फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं. "चांगलं चोपडून लाव, उद्यापातुर फुटतंय बघ," असं बाहेरून सांगत राहिली. फुटतंय ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण बुडत्या माणसाचं असंच असतं, मी ती हळद लावली. थोडी नाही, चोपडून लावली. शिरेला काही झालं नाही. जागा मात्र नवरदेवासारखी पिवळी झाली.

बायकोला मी सांगितलं नाही. कसं सांगणार? लग्नाला धड सहा महिने नाहीत आणि नवरा निकामी झाला म्हणायचं? माझ्या डोक्यात तेवढंच बसलं होतं. गाडी गेली, पाटा मोडला, आपला संसार इथंच थांबला. मग मी भिंतीकडं तोंड करून झोपायला लागलो. ती काही विचारायला आली की खेकसायचो. दोन-तीन दिवस तिनं सोसलं. मग एके दिवशी दुपारी जेवायला आलो तर तिनं दाराला कडी घातली आणि पुढ्यात उभी राहिली.

"काय झालंय ते सांगितल्याबिगर आज भाकरी न्हाय."

"कुठं काय झालंय?"

"केसतूड मांडीला आलंय म्हणता आणि मांडी तर चांगली दिसतीय."

शेवटी दाखवलं. मला वाटलं, नेहमीसारखी हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. पण तिचं तोंड उतरलं आणि ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. मी खिडकीशी जाऊन कान दिला. ती दबक्या आवाजात कानडीत बोलत होती. भराभर बोलत होती, त्यातलं मला काहीही कळत नव्हतं. मग मधेच तिनं म्हटलं, "नरा..." आणि पुढं काहीतरी बोलून शेवटी, "इल्ला."

परत तेच. नर, आणि इल्ला.

नर कुणाला कळत नाही? आणि इल्ला तर माझ्या तीन शब्दांतला एक. मी तिथंच पलंगावर बसलो. म्हणजे ही माहेरी सांगते आहे की नवरा नर राहिला नाही! मला राग आला, लाज आली आणि सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटली. खरं सांगतो, ती जाईल अशी भीती वाटली. गॅरेज गेलं असतं तर दुसरं उभं केलं असतं. ती गेली असती तर मी काय केलं असतं हे मला तेव्हाही सुचलं नाही आणि आताही सुचत नाही.

त्यात अधिक महिना लागला आणि उमरग्याहून धोंड्याच्या जेवणाचा सांगावा आला. पहिला अधिक महिना, नवा जावई, न जाऊन कसं चालेल? मी म्हणालो, गॅरेजात लई काम हाय. आई म्हणाली, "काम गेलं खड्ड्यात. जावयाचा मान हाय तो, उठ." मोटरसायकलवर बसायची तर सोय नव्हती, म्हणून एस्टीनं निघालो. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटत होतं, हिला माहेरी कायमची पोचवायलाच मी चाललोय आणि वर तिकीटही मीच काढलंय.

सासरवाडीत गेलो तर काय थाट! सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, भुसाराचा व्यापार. बोलणं हळू, मोजून-मापून. त्यांनी स्वतः उठून माझ्या पाठीमागं लोड लावला. मामींनी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. मला पाटाऐवजी खुर्ची देऊ का असं विचारलं. झालं, माझी खात्रीच पटली. यांना सगळं कळलंय. बिचारा जावई, निदान खाऊन-पिऊन तरी सुखी राहू दे, असं यांच्या मनात चाललंय. मी ऐटीत पाटावरच बसलो आणि बसताना कळ आली ती गिळली.

ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, अनारसे, आमटी, कटाची की कसली ते मला चवच कळेना. मामी "इन्नोंदु, इन्नोंदु" करत आणखी वाढत होत्या. तेवढ्यात बायकोची थोरली बहीण आली. अक्का तिथल्याच एका दवाखान्यात नर्स आहेत, ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या. त्या बायकोजवळ वाकल्या आणि हळूच विचारलं, "नरा ह्यांगद?"

बायकोनं मान हलवली. "कम्मी इल्ला."

हातातला धोंडा मी ताटात टाकला.

"मामा," मी म्हणालो, आणि माझा आवाज गॅरेजातला निघाला, "आता मला बोलू द्या. तुमच्या लेकीला मी नर वाटत नसंल तर तिनं माझ्या तोंडावर सांगावं! फोनवर नर इल्ला, इथं भरल्या ताटावर नर इल्ला! शीर सुजलीय नुसती, शीर! तेवढ्यानं काय माणूस बाद होतो व्हय?"

मामींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मामांनी शांतपणे घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जावईबापू, नरा म्हंजे आमच्यात शीर."

"काय?"

"शीर. हातातली, पायातली. कानडीत तिला नरा म्हंत्यात." मग त्यांना खरंच काळजी वाटली असावी. "कुठली शीर सुजली म्हणला तुमची?"

मी अक्कांकडं बघितलं, अक्कांनी छताकडं बघितलं. बायकोनं डोळे मिटून घेतले. मामांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्या दोघींकडं, एकदा माझ्या मांडीवरच्या हातांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. मोठा माणूस तो. त्यांनी घसा साफ केला.

"तूप वाढा जावईबापूंना," एवढंच म्हणाले आणि खाली मान घालून आमटी भुरकायला लागले.

मामी पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. आत एक भांडं पडलं, आणि मग जे हसणं ऐकू आलं त्यावरून मला कळलं की माझ्या बायकोला भिंतीला टेकून हसायची सवय कुठून आली.

बायको मात्र हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उठून परसात गेली. मी हात धुऊन तिच्यामागं गेलो. जाताना पायात चप्पलही उलटी घातली.

"तुम्हाला वाटलं, मी असं बोलन?" ती म्हणाली.

"मला काय कानडी येतं?"

"मी अक्काला विचारत होते, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं. शीर सुजलीय, दुखणं न्हाय, असं सांगत होते. आईंना कळू नये म्हणून कानडीत बोलले. आता अक्कानं शीर कशी हाय विचारलं, तर कमी न्हाय म्हणाले." मग तिला हुंदका आला. "तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला. माझ्याशी धड बोलंना. मला वाटलं, माझ्यामुळंच झालं ते. आता हे माणूस मला कधी जवळ घ्यायचं न्हाय."

इतके दिवस मी एका बाजूला घाबरत बसलो होतो आणि ती दुसऱ्या बाजूला, एकाच पलंगावर. मी तिला खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, "मला वाटलं, तू मला सोडून चाललीस."

तिनं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं. "एका शिरेपायी?"

आणि मग ती हसायला लागली. परसातल्या भिंतीला टेकली, तरी हसत राहिली. मी कधी हसायला लागलो मलाच कळलं नाही. हसताना ती शीर ताणायची, मी आई गं म्हणायचो, की तिला आणखी जोर चढायचा.

अक्कांनी संध्याकाळी त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं नेलं. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पडद्याआड त्यांनी तपासायला घेतलं आणि जरा थांबले.

"लग्न होऊन किती महिने झाले?"

"सहा होतील आता."

"मग अजून हळद कशी उतरली नाही?"

पडद्यापलीकडं अक्कांचा ट्रे खणकन वाजला. मी आईच्या पोटिसाची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी ती अगदी गंभीरपणे ऐकून घेतली. मग त्यांनी नीट विचारलं. त्या वेळी कट्कन आवाज आला होता का? एकदम मरणाची कळ येऊन सगळं ढिलं पडलं का? लघवीला त्रास होतो का, रक्त जातं का? मी सगळ्याला नाही म्हणालो.

"मग मोडतोड काही नाही. तसं झालं असतं तर त्याच घडीला दवाखाना गाठायला पाहिजे होता, पाटावर जेवत बसायचं नसतं. ही लिंगाच्या वरची शीर आहे. जरा जास्तच रगडली गेली, आत रक्त थिजलं, म्हणून दोरीसारखी हाताला लागते. बाजूचं काळं म्हणजे मुका मार. आपोआप विरतं सगळं. चोळायचं नाही, शेकायचं नाही आणि हळद जेवणात घालायची."

"पण डॉक्टर," मी आवाज खाली आणला, "नंतर सगळं पहिल्यासारखं...?"

"पहिल्यासारखं. जरा कमी घाई केली तर पहिल्यापेक्षा बरं." त्यांनी गोळ्या लिहिल्या. "काही आठवडे मात्र कडक उपास. अधिक महिना चालूच आहे, तो संपेपर्यंत धरा. पुण्यही लागेल. आणि उतरलं नाही किंवा दुखायला लागलं तर परत या, केसतूड आहे म्हणून सांगत बसू नका."

बाहेर आलो तेव्हा बायको बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापेक्षा बरं हेसुद्धा. तिनं माझ्या दंडावर एक चापट मारली आणि भर रस्त्यात, आपल्या माहेरच्या गावात, माझा हात धरला. हायवेवरनं ट्रक धडधडत जात होते. एरवी मला त्या आवाजाचा वैताग येतो, पण त्या दिवशी प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून चहा पाजावा असं वाटत होतं.

तो अधिक महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड महिना गेला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. उपास होता, पण भिंतीकडं तोंड नव्हतं. ढोकीला आल्यावर आधी त्या शेतकऱ्याची ट्रॉली दुरुस्त करून दिली आणि वर चहा पाजला. संध्याकाळी गॅरेज लवकर बंद करून घरी यायचो. बायको मला कानडी शिकवायची. ती माझ्या नाकावर बोट ठेवायची, म्हणायची मूगु. कानावर ठेवायची, किवी. डोळ्यावर, कण्णु. हात म्हणजे कै. एखादी जागा आली की म्हणायची, ही अधिक महिना संपल्यावर. आई ओट्यावरून ओरडायची, "काय चाललंय रं दोघांचं?" मी म्हणायचो, "शाळा!"

उमरग्याहून मामांचा अधूनमधून फोन यायचा. "जावईबापू, प्रकृती?" एवढं विचारायचे, मी बरी आहे म्हणालो की घाईघाईनं तुरीच्या भावावर यायचे. मामींनी तर तुपाचा डबाच पाठवला. आईला कळेना, जावयाच्या केसतुडावर सासूनं एवढं तूप का पाठवावं. शीर रोज थोडी थोडी बसत गेली. काळं होतं ते हिरवट झालं, मग पिवळसर झालं. हे पिवळं त्याचं की हळदीचं, यावर आम्ही दोघं वाद घालायचो.

अधिकाची अमावस्या होऊन गेली. दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर आई अंगणात शेंगा फोडत होती आणि बायको मागं अक्कांशी फोनवर बोलत होती. आता दबका आवाज नव्हता, चांगला खणखणीत होता. "नरा... बावु इल्ला. नोवु इल्ला. एनू इल्ला!"

"काय गं बाई सारखं इल्ला इल्ला," आई म्हणाली. "काय म्हंती रं ती?"

"न्हाय म्हंती."

"काय न्हाय?"

"सूज न्हाय, दुखणं न्हाय. काहीच न्हाय."

"मग तू एवढं दात काढून हसतो कशाला?" आईनं सूप झाडलं आणि शेंगदाणे घेऊन शेजारच्या काकूंकडं कुटायला निघून गेली.

बायकोनं फोन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याला आदरानं ये म्हणायचं तर कानडीत बर्री म्हणायला हवं, एवढं आता मला कळत होतं. ती तसं म्हणाली नाही. माझ्या जुन्या तीन शब्दांतलाच एक म्हणाली.

"बा," ती म्हणाली. "आणि येताना कूलरमध्ये पाणी भरून या."